जुनी मस्टँग फास्टबॅक घेताना: आधी नंबर, मग पत्रा, इंजिन शेवटी

१९६५ ते १९६८ मधली फोर्डची मस्टँग फास्टबॅक (छत मागे सलग उतरत जाणारा प्रकार) बघायला गेलेला माणूस सगळ्यात आधी बॉनेट उघडायला लावतो. व्ही-एटचा (आठ सिलिंडरच्या इंजिनाचा) तो भरदार आवाज कानावर पडला की मनातल्या मनात सौदा झालेला असतो. मग गंज दिसला तरी "ते काय, करून घेऊ" असं वाटतं, आणि कागदावरचा नंबर तर घरी आल्यावर वाचला जातो.

हा क्रम पूर्ण उलटा आहे. इंजिन ही या गाडीतली सगळ्यात सोपी दुरुस्ती. २८९ क्युबिक इंचाच्या इंजिनाचे जवळपास सगळे भाग आजही नवे मिळतात आणि ते उघडून बसवणारे मेकॅनिकही आहेत. उलट गाडीची ओळखच खोटी निघाली तर ती कितीही पैसे ओतून खरी होत नाही. आणि सांगाडा आतून कुजलेला असेल तर वेल्डिंगचं बिल गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतं. अमेरिकेत राहून ही हौस करू पाहणाऱ्यांनी खालचे टप्पे याच क्रमाने पार पाडावेत. एका टप्प्यावर गाडी नापास झाली तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

घरून निघण्यापूर्वी

सोबत काय घ्यायचं: जोरदार टॉर्च, काठीला लावलेला छोटा आरसा, मऊ कापडात गुंडाळलेलं साधं लोहचुंबक, रंगाची जाडी मोजणारं यंत्र, दोन मोठ्या बाटल्या पाणी, कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं), अंगावर घालायला जुने कपडे आणि वही. फोनला जोडायचा लवचीक कॅमेरा असेल तर फारच उत्तम, कारण या गाडीचे खरे प्रश्न बंद पोकळ्यांमध्ये असतात.

मालकाला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. पहिली, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. दुसरी, गाडी धुऊन ठेवू नका. गरम इंजिन सुरू व्हायचा त्रास लपवतं, आणि नुकत्याच धुतलेल्या गाडीत पाणी कुठून गळतं ते कळत नाही.

दिवसाउजेडी जा. पावसात किंवा संध्याकाळी दिव्याखाली रंगातल्या लाटा दिसत नाहीत.

टप्पा १: नंबर फोटोतच मागवा

प्रवासाचा खर्च करण्यापूर्वी तीन फोटो मागा: टायटलचा (मालकीच्या कागदाचा), गाडीवर ठोकलेल्या नंबराचा आणि ड्रायव्हरच्या दारावरच्या पट्टीचा. द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

नंबर वाचायचा असा. समजा सुरुवात ५आर०९ए अशी आहे. पहिला आकडा वर्षाचा, म्हणजे १९६५. दुसरं अक्षर कारखान्याचं: एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे मेटुचेन. (नाव मेटुचेनचं असलं तरी तो कारखाना न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, रूट १ वर होता. आज एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांना टी अक्षराच्या गाडीचं थोडं जास्त अप्रूप वाटलं तर नवल नाही.) पुढचे दोन आकडे बॉडीचे, मग एक अक्षर इंजिनाचं आणि शेवटी सहा आकडी अनुक्रमांक.

बॉडीचे आकडे पाठच करा. १९६५ आणि १९६६ साठी ०७ म्हणजे हार्डटॉप कूपे (पक्क्या छताची, मागे वेगळी डिकी दिसणारी), ०८ म्हणजे कन्व्हर्टिबल, ०९ म्हणजे फास्टबॅक. १९६७ आणि १९६८ साठी ०१ कूपे, ०२ फास्टबॅक, ०३ कन्व्हर्टिबल.

इंजिनाच्या अक्षरांत १९६५-६६ साठी टी म्हणजे २०० क्युबिक इंचाचं सहा सिलिंडर, सी म्हणजे दोन नळ्यांच्या कार्ब्युरेटरचं २८९, ए म्हणजे चार नळ्यांचं २८९ आणि के म्हणजे २७१ हॉर्सपॉवरचं हाय परफॉर्मन्स २८९. के अक्षर किमतीत मोठा फरक पाडतं, म्हणून खोटेपणाही तिथेच जास्त होतो.

इथे एक सोपी चाळणी मिळते. १९६५-६६ मध्ये 'जीटी' ही नंबरात न दिसणारी जोड (जादा पैसे देऊन घ्यायचं पॅकेज) होती, पण ती फक्त ए आणि के इंजिनांसोबत मिळायची. नंबरात सी किंवा टी असलेली गाडी जीटी म्हणून विकायला काढली असेल तर ती कारखान्यातून जीटी म्हणून निघालेली नाही. फॉग लॅम्प आणि पट्टे कुणालाही लावता येतात. त्यासाठी जास्तीचा एक डॉलरही देऊ नका.

> तपासा: टायटलवरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळतो का? एक आकडा जरी वेगळा असला तरी "कारकुनाची चूक आहे" हे उत्तर स्वीकारू नका. चूक असेल तर ती मालकाने दुरुस्त करून आणावी, मगच पुढचं बोलणं.

टप्पा २: ठोकलेला नंबर प्रत्यक्ष बघा

१९६५ ते १९६७ च्या गाड्यांवर नंबर डाव्या बाजूच्या आतल्या मडगार्डच्या पत्र्यावर, वरच्या कडेला ठोकलेला असतो. बॉनेट उघडून डाव्या फेंडरच्या कडेला ठेवलेल्या खाचेतून तो वाचता येतो. १९६८ पासून डॅशबोर्डवरही पट्टी आली. १९६८ च्या मस्टँगमध्ये ती प्रवाशाच्या बाजूला असते आणि काचेतून बाहेरून दिसते.

टॉर्च तिरपी धरून त्या कडेकडे नीट बघा. अक्षरांच्या आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे आहेत का? तेवढ्याच जागी रंग ताजा आहे का? मग त्या पत्र्याचे जोड बघा. कारखान्याचा स्पॉट वेल्ड म्हणजे पत्र्यात उमटलेली छोटी, गोल, उथळ खळी. नंतर बसवलेल्या पत्र्याला भोक पाडून वेल्ड भरलेला असतो. तिथे खळीऐवजी फुगवटा दिसतो किंवा घासून सपाट केलेला डाग. अपघातानंतर तो पत्रा प्रामाणिकपणे बदललेला असू शकतो. पण मग त्याची पावती, जुने फोटो, काहीतरी पुरावा हवा. नंबराचा तुकडा एका गाडीवरून कापून दुसऱ्या गाडीला जोडलेला असेल तर हा गुन्ह्याचा मामला आहे, तिथून निघून या.

दारावरची पट्टी हा पुरावा नव्हे, ती फक्त साक्ष आहे. अशा पट्ट्या नव्या छापून मिळतात. तरी वाचा: फास्टबॅकचा बॉडी कोड ६३ ने सुरू होतो (साधी ६३ए, डीलक्स आतील सजावटीची ६३बी), कूपेचा ६५ ने आणि कन्व्हर्टिबलचा ७६ ने. पट्टीवरची बांधणीची तारीख वहीत उतरवून घ्या, ती पाचव्या टप्प्यात लागेल.

१९६७ किंवा त्यानंतरची गाडी असेल तर मार्टी रिपोर्ट मागवा. फोर्डच्या उत्पादन नोंदींवरून तयार होणारा हा अहवाल गाडी कोणत्या इंजिन, गिअरबॉक्स, रंगासह बाहेर पडली ते सांगतो. मालकाने दाखवलेल्या प्रतीवर विसंबू नका, नंबर देऊन स्वतः मागवा. १९६५-६६ साठी ही सोय नाही, म्हणून त्या दोन वर्षांच्या गाड्यांत डोळ्यांवरच जास्त भिस्त ठेवावी लागते.

टप्पा ३: कूपेची फास्टबॅक केली आहे का?

फास्टबॅकला कूपेपेक्षा बराच जास्त भाव मिळतो, म्हणून कूपेचं छत कापून फास्टबॅकचं छत आणि मागचे पत्रे बसवण्याचे प्रकार होतात. तसे किट मिळतात, फास्टबॅकचे अख्खे नवे सांगाडेसुद्धा मिळतात. हे उघडपणे सांगून विकलं तर त्यात गैर काही नाही, फक्त किंमत त्या मानाने हवी.

नंबरात ०७ किंवा ०१ असेल आणि समोर फास्टबॅक उभी असेल तर उत्तर तिथेच मिळालं. नंबर बरोबर दिसत असला तरी मागच्या सीटजवळचं कार्पेट उचला, डिकीतली चटई काढा, छताचं अस्तर जिथे सैल असेल तिथून आत कॅमेरा घाला. छत काचेच्या खांबांना जिथे मिळतं तिथे, आणि मागच्या कमानींच्या आतल्या बाजूला, सलग वेल्डची रेघ किंवा जाड पुट्टी असू नये. रंगाची जाडी मोजणारं यंत्र इथे फार कामाला येतं. सगळ्या गाडीवर एक आकडा आणि खांबांवर एकदम कित्येक पट जास्त आकडा आला, की खाली काहीतरी झाकलेलं आहे.

टप्पा ४: गंज, आणि त्यातही आधी काऊल

या लेखातला एकच टप्पा करायला वेळ असेल तर हा करा.

समोरच्या काचेच्या खाली, वायपरच्या तळाशी ज्या जाळीतून हवा आत येते त्या पोकळीला काऊल म्हणतात. दोन पत्रे एकमेकांवर वेल्ड करून ती बनते. आतल्या पत्र्यात हवेसाठी दोन गोल भोकं असतात आणि पाणी आत येऊ नये म्हणून भोकांभोवती पत्र्याची उभी कड असते. जाळीतून पडलेली पानं त्या कडेच्या मुळाशी साचतात, ओली राहतात, आणि पन्नास वर्षांत कड चाळणीसारखी होते. मग प्रत्येक पावसाचं पाणी सरळ पायांखालच्या पत्र्यावर उतरतं. बाहेरून काहीही दिसत नाही. रंग चकचकीत, आत मात्र जमीन सडलेली.

चाचणी अशी करा. मालकाची परवानगी घ्या. पुढचं कार्पेट दोन्ही बाजूंनी मागे दुमडा. एकाने डावीकडच्या जाळीत बाटलीतलं पाणी हळूहळू ओतायचं, दुसऱ्याने डॅशबोर्डखाली झोपून टॉर्चने बघायचं. पाणी पुढच्या फेंडरच्या मागून खाली जमिनीवर पडलं पाहिजे. आत एक थेंबही येता कामा नये. मग उजवीकडे हेच करा. उजवीकडे हीटरचा डबा असल्याने गळती उशिरा दिसते, म्हणून तिथे पाच मिनिटं थांबा.

> सावध: काही जण भोकांवर प्लास्टिकची टोपणं बसवतात किंवा सिलिकॉन थापतात. पाणी आत येणार नाही, पण गंज चालूच असतो. जाळीतून कॅमेरा घालून कड प्रत्यक्ष बघितल्याशिवाय चाचणी पास धरू नका.

काऊल का एवढा महत्त्वाचा? कारण तो बदलायचा तर बॉनेट, फेंडर, वायपर, बहुतेक वेळा समोरची काचही काढावी लागते आणि मग असंख्य स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने सोडवावे लागतात. सुट्या पत्र्याला फार पैसे पडत नाहीत, खर्च होतो तो हाताच्या कामाचा.

काऊल झाला की बाकीच्या जागा भराभर घ्या: उजव्या पुढच्या बाजूला बॅटरीखालचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा, मागच्या चाकांच्या कमानी, मागच्या काचेचे खालचे कोपरे. चुंबक फिरवा, जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी आहे. फास्टबॅकवर १९६५-६६ मध्ये मागच्या खिडकीच्या जागी हवेच्या झडपा होत्या. त्यांच्यातून पाणी आत झिरपतं, म्हणून त्यांच्या खालचा आतला भाग चाचपून बघा.

डिकीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या गाड्यांत पेट्रोलच्या टाकीचा वरचा भाग हाच डिकीचा तळ आहे. टाकी वरून खाली बसवून कडेने स्क्रू लावलेले असतात. त्या कडेचं सील गेलं किंवा पत्रा सडला तर पेट्रोलची वाफ डिकीत येते आणि तिथून प्रवाशांच्या जागेत. डिकी उघडल्यावर वास आला तर "जुन्या गाडीला वास येणारच" हे ऐकून घेऊ नका.

टप्पा ५: खालून

> सावध: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. सपाट जमीन, चाकांना अडसर, चारही बाजूंना स्टँड, मगच खाली.

मस्टँगला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो. म्हणून पुढचे आणि मागचे लांब दांडे आणि त्यांना दाराखालच्या पट्टीशी जोडणारे टॉर्क बॉक्स शाबूत हवेत. जाड काळं अंडरकोटिंग नुकतंच मारलेलं दिसलं तर संशय घ्या. गाडी जमिनीवर असताना दारं उघडून बंद करा आणि फटी बघून ठेवा. मग पुढून उचलून पुन्हा बघा. उचलल्यावर दार घासू लागलं किंवा फट बदलली तर मधला भाग कमजोर झाला आहे.

इंजिनाच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंग धरणारे उंच शॉक टॉवर आहेत. वरचा कंट्रोल आर्म जिथे बोल्टने बसतो तिथे तडे जातात. तेल-चिखल पुसून बघा. तिथेच मूळ भोकांच्या खाली सुमारे एक इंचावर आणखी दोन भोकं दिसली तर दचकू नका. फोर्डचे अभियंते क्लाउस आर्निंग यांच्या कामातून आलेला आणि मस्टँगच्या शर्यती आवृत्त्या बांधणाऱ्या कॅरोल शेल्बीच्या कंपनीने १९६५ च्या जीटी ३५० वर वापरलेला हा बदल आहे. कंट्रोल आर्म खाली आणल्याने वळणावर चाक रस्त्याला जास्त चांगलं धरतं. आज साध्या गाड्यांवरही तो सर्रास करतात, म्हणून तो शेल्बी असल्याचा पुरावा नाही. भोकं नीट मापाने पाडली आहेत की हातानं अंदाजे, एवढंच बघा.

आता चाकांचे नट मोजा. सहा सिलिंडरच्या गाडीला कारखान्यातून चार, व्ही-एटला पाच. नंबरात टी, बॉनेटखाली व्ही-एट आणि चाकाला चारच नट, याचा अर्थ इंजिन बदललं पण ब्रेक, स्पिंडल आणि मागचा ॲक्सल हलक्या गाडीचेच राहिले. ही गाडी तशीच चालवणं धोक्याचं आहे. बदलाचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करा किंवा सोडून द्या.

१९६६ पर्यंतच्या गाड्यांत ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा होता. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन कप्प्यांचा १९६७ पासून आला. जुन्या गाडीत तो आधीच बसवलेला असेल तर चांगलं, नसेल तर घेतल्यावर पहिलं काम तेच.

इथेच, स्टार्टरजवळ, २८९ च्या ब्लॉकवर ओतकामाची तारीख शोधा. ५बी२० म्हणजे १९६५, फेब्रुवारी, २०. महिन्यांच्या अक्षरांत आय वगळलेलं आहे, म्हणून सप्टेंबर म्हणजे जे. ही तारीख दाराच्या पट्टीवरच्या तारखेच्या आधीची, साधारण काही आठवडे मागची हवी. नंतरची असेल तर इंजिन मूळचं नाही. आणि "नंबर जुळणारं इंजिन" हा दावा १९६५ च्या सी किंवा ए गाडीबद्दल कुणी केला तर विचारा, कुठला नंबर? १९६८ पूर्वीच्या साध्या २८९ ब्लॉकवर गाडीचा नंबर सहसा ठोकलेलाच नसायचा. तिथे फक्त तारीख जुळते.

टप्पा ६: रेसिंगचा दावा असेल तर

"ही गाडी शर्यतीत धावली आहे" या एका वाक्याने किंमत चढते, म्हणून त्याला स्वतंत्र टप्पा.

शेल्बी असल्याचा दावा: १९६५ आणि १९६६ ची प्रत्येक फास्टबॅक जीटी ३५० सॅन होजे कारखान्याच्या के इंजिनाच्या फास्टबॅकवर बांधली गेली. म्हणजे शेल्बीच्या स्वतःच्या नंबराच्या (एसएफएम) पट्टीमागचा फोर्डचा नंबर ५आर०९के किंवा ६आर०९के असाच सुरू व्हायला हवा. आरच्या जागी एफ किंवा टी दिसला की विषय संपला. शिवाय शेल्बी अमेरिकन ऑटोमोबाईल क्लबच्या नोंदवहीत त्या नंबराची गाडी काय म्हणून नोंदलेली आहे ते बघा.

ट्रान्स-ॲम या शर्यत मालिकेचा दावा: १९६६ आणि १९६७ मध्ये शेल्बीने त्या मालिकेसाठी बांधलेल्या मस्टँग कूपे होत्या. ती सेडान गाड्यांची मालिका होती आणि मागच्या सीटवरच्या जागेच्या अटीत फास्टबॅक बसत नव्हती. फास्टबॅक धावली ती एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या) बी-प्रॉडक्शन वर्गात, दोन सीटची स्पोर्ट्स कार म्हणून. जीटी ३५० मधून १९६५ साली मागची सीट काढून टाकली होती ती याचसाठी. त्यामुळे "१९६६ ची शेल्बी ट्रान्स-ॲम फास्टबॅक" असं कुणी म्हणालं तर त्याला इतिहास माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नसेल असं त्याने धरलं आहे.

खरी रेस कार असेल तर एससीसीएची लॉगबुक मागा, तपासनिसांच्या नोंदींसह. पत्र्यावरही खुणा राहतात: रोल केजच्या पायांची बुजवलेली भोकं, रुंद टायरसाठी दुमडलेल्या फेंडरच्या कडा. जुन्या फोटोतली भोकं आणि गाडीवरची भोकं एकाच जागी आहेत का ते ताडून बघा.

दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांना मस्टँगचे नियम लावू नका. पाँटिॲक जीटीओचा नंबर १९६६ पासून २४२ ने सुरू होतो, पण १९६४-६५ मध्ये तो लेमन्सचाच (ज्या साध्या मॉडेलवर जीटीओ बेतली होती त्याचाच) असे. १९६९ च्या कॅमॅरोच्या नंबरावरून सहा सिलिंडर की व्ही-एट एवढंच कळतं, ती झेड/२८ हा खास वेगवान प्रकार आहे का ते कळत नाही. १९६८ च्या डॉज चार्जर आर/टीची सुरुवात एक्सएस२९ अशी हवी.

टप्पा ७: इंजिन आणि रस्ता

आता बॉनेट उघडा. ब्लॉकला हात लावून बघा, तो थंडच हवा. सुरू होताना निळा धूर येऊन लगेच थांबला तर व्हॉल्व्हची सीलं. वेग वाढवताना सतत निळा असेल तर रिंगा. पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबतच नसेल तर हेड गॅस्केट. इंजिन गरम झाल्यावर सगळे स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन घ्या. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या पाऊणपटीखाली जाऊ नये.

गाडी चालवताना रेडिओ बंद, खिडक्या उघड्या. रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगात ब्रेक दाबा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. स्टीअरिंगला थोडी मोकळीक असणं या गाड्यांत नेहमीचं आहे, पण सरळ रस्त्यावर सतत सावरावं लागत असेल तर नाही. परत आल्यावर गाडी पंधरा मिनिटं उभी करा आणि पुन्हा सुरू करा. गरम असताना सुरू व्हायला कुरकुरणारी गाडी याच वेळी सापडते.

टप्पा ८: पैसे देण्यापूर्वी

वहीतल्या दोषांची यादी घेऊन पत्र्याचं काम करणाऱ्या गॅरेजकडून अंदाज घ्या, इंजिनवाल्याकडून नंतर. घासाघीस त्या अंदाजावर करा.

टायटल विकणाऱ्याच्याच नावावर आहे का, त्यावर कर्जाचा बोजा किंवा सॅल्व्हेजचा (मोठ्या नुकसानीमुळे मोडीत निघाल्याचा) शेरा आहे का हे तुमच्या राज्याच्या मोटार वाहन कार्यालयात विचारा. जुन्या गाड्यांच्या टायटलचे नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून विकणाऱ्याच्या राज्याचा कागद तुमच्या राज्यात चालतो का हे आगाऊ रक्कम देण्याआधी कळलं पाहिजे. विक्रीपत्रावर पूर्ण नंबर लिहून घ्या. त्यात "के-कोड", "मूळ जीटी", "शेल्बी" असा जो दावा करून किंमत मागितली, तो दावा शब्दशः लिहून त्याखाली विकणाऱ्याची सही घ्या. सही करायला तो कचरला तर त्या दाव्याचे पैसे किमतीतून काढा. विमा आधी ठरलेल्या किमतीचा, म्हणजे ॲग्रीड व्हॅल्यूचा घ्या, आणि तो गाडी ट्रेलरवर चढण्यापूर्वी सुरू झालेला हवा.